कडीला बांधलेली चिंधी

झोप आणि जाग यांच्या मधे एक जागा असते. तिथे माणूस ना इकडचा ना तिकडचा. पायाखाली जमीन नसते, तरी पडायची भीती वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या माणसांना त्या जागेत रोज एक बाई भेटायची. आधी दारावर बोटाचं हाड वाजायचं, टक टक टक. मग आवाज यायचा, "उठलास का रे? मग सांग बघू, आज वार कोणता?"

ती माझी मैत्रीण. सगळी गल्ली तिला पहाटबाई म्हणायची. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं आणि ते तिथंच राहिलं. त्या नावानं कुणी हाक मारली, तर ती स्वतःच मागे वळून बघायची, हे कुणाला बोलावतायत म्हणून.

आमची घरं एका रांगेत, भिंतीला भिंत लावून उभी. मालकानं आयुष्यात एकदाच रंग आणला, तो हिरवा, आणि सगळ्या दारांना तोच फासला. आमच्याकडे धुकं भारी पडतं. त्यात उभं राहिलं की आपलं दार कुठलं हे आपल्यालाच कळत नाही. आमचे हे एकदा पाळीवरून आले ते सरळ पलीकडच्या घरात शिरले आणि म्हणाले, "अगं, चहा टाक." त्या बाईनं टाकलाही. चहा पिऊन झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. घरी येऊन मला म्हणतात कसे, "चहा चांगला झाला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती."

पहाटबाई लग्न होऊन आली ती माझ्या शेजारच्या खोलीत. आम्ही दोघी एका वयाच्या. भिंत इतकी पातळ की तिनं कूस बदलली तर मला कळायचं. तिला डेपोत बसगाड्या झाडायचं काम लागलं. गाड्या बाहेर पडायच्या आत झाडून व्हायला हव्यात, म्हणून ती गल्लीत सगळ्यांच्या आधी उठायची. ह्यांची पाळी सकाळची होती, पोर अंगावर पीत होतं, आणि घरातलं घड्याळ स्वतःच्या मर्जीनं चालायचं. मी तिला म्हटलं, "जाता जाता आमचं दार वाजवशील का गं?"

"वाजवीन की. हाताला काय मेंदी लावलीय माझ्या?"

दुसऱ्या दिवशी तिनं धुक्यात भलतंच दार वाजवलं आणि एका चांगल्या झोपलेल्या माणसाला उठवलं. तो दिवसभर जांभया देत गल्लीला शिव्या घालत होता. मग मी फाटक्या चादरीची एक चिंधी काढली आणि दाराच्या कडीला बांधली. धुक्यात डोळ्याला दिसली नाही तरी हाताला लागेल. त्या चिंधीनं तिनं माझं दार ओळखलं.

चांगली गोष्ट गल्लीत झाकून राहत नाही. आठवडा गेला नाही तोच शेजारच्या नर्सनं चिंधी बांधली. मग बसच्या ड्रायव्हरनं, मग शाळेची घंटा वाजवणाऱ्या शिपायानं, मग पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या नवराबायकोनं. आमच्या दारांना दोन कड्या, एक वर एक खाली. खालच्या कडीला चिंधी असेल तर मला पहिल्या फेरीला उठव. वरच्या कडीला असेल तर पोर जरा निजलंय, दुसऱ्या फेरीला ये. हे कुणी ठरवलं नाही. पावसात पायवाट पडते तसं ते आपोआप पडत गेलं. ती डेपोला जायच्या आधी एक फेरी मारायची, आणि गाड्या झाडून झाल्या की केसांत धूळ घेऊन परत येऊन दुसरी.

ती दार ठोठावत नसे. दाराशी बोलत असे. इतक्या हळू की शेजारच्या पाळण्यातलं पोर हलू नये. सुरुवातीला ती नुसतं "उठा" म्हणायची आणि पुढे जायची. पण आमचा ड्रायव्हर म्हणजे झोपेतला बहाद्दर. आतून खणखणीत आवाजात "उठलो, मावशी!" म्हणायचा आणि तसाच घोरत राहायचा. एकदा त्याची गाडी चुकली तेव्हा त्याची बायको पहाटबाईवरच चवताळली. "तुम्ही उठवलंच नाही त्यांना!"

"अगं, तो बोलला माझ्याशी."

"ते झोपेत माझ्याशीही बोलतात. लग्नाला हो म्हणालो ते सुद्धा झोपेतच, असं मला रोज ऐकवतात."

त्या दिवसापासून पहाटबाई प्रश्न विचारायला लागली. आज वार कोणता? काल जेवायला काय होतं? बायकोचं माहेर कुठल्या दिशेला? बरोबर उत्तर आल्याशिवाय ती दारासमोरून हलायची नाही. नर्सला मात्र कधी प्रश्न विचारला नाही. तिला म्हणायची, "ताई, बाहेर गार आहे, अंगावर काहीतरी घे." नव्या लग्नाच्या जोडप्याच्या दाराशी ती लांबूनच खोकायची. आणि ज्या दारावर चिंधी नसे, आणि आत कुणी म्हातारं एकटं असे, त्या दाराला ती नुसता कान लावायची. खोकला ऐकू आला, भांडं वाजलं, की पुढे.

पुढे ह्यांची पाळी बदलली, तेव्हापासून मला ती रोज शेवटी उठवायची. खरं तर मी आधीच जागी असायची. भिंतीपलीकडे तिचं पाणी ओतलेलं, तिची चप्पल, तिनं दार ओढून घेतलेलं, सगळं ऐकत मी पडून राहायची. मग ती पावलं धुक्यात लांब जायची आणि सगळी गल्ली एकेका दारानं उजळत यायची. एका खिडकीत दिवा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाहेर उजाडायचं ते नंतर. आमच्याकडे आधी माणसं उजाडायची. पहिली फेरी, दुसरी फेरी, आणि परतताना माझं दार. टक टक टक. मी मुद्दाम उशिरा ओ द्यायची, तेवढंच आणखी एक टक टक.

गल्लीत एक घड्याळजी राहायचे. एकटा जीव. खोलीभर घड्याळं, भिंतीवर, फळीवर, उशाशी, सगळी टिकटिकत. त्यांच्याही कडीला चिंधी. ड्रायव्हर त्यांना चिडवायचा, "काका, तुमच्या घरात एवढी घड्याळं, आणि तुम्हाला उठवायला बाई लागते?" तर घड्याळजी म्हणायचे, "अरे बाबा, ती सगळी दुरुस्तीला आलेली आहेत. त्यातलं एकही खरं बोलत नाही."

एका पहाटे पहाटबाईनं त्यांना वार विचारला. शनिवार होता. आतून उत्तर आलं, "बुधवार." ती म्हणाली, "काका, नीट सांगा." परत बुधवार, आणि आवाज ओल्या कापडासारखा. तिनं दुसऱ्या कुणाला काही विचारलं नाही. माझ्या मुलाला हाक मारली, दार खांद्यानं उघडलं. घड्याळजी अंथरुणात वाकडे पडले होते, अर्धं तोंड हसतंय आणि अर्धं नाही. ड्रायव्हरनं पहिली बस गल्लीच्या तोंडाशी आणली आणि मधे एकही थांबा न घेता सरळ दवाखान्यात नेली. थांब्याथांब्यावरची माणसं हात करत राहिली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पुढे घड्याळजी हिंडू-फिरू लागले, पण वाराचा धसका त्यांनी कायमचा घेतला. तिनं टकटक करायच्या आधीच आतून ओरडायचे, "सोमवार! सोमवार आहे!"

मग मोबाईल आले. पोरं म्हणाली, आता पहाटबाईला सुट्टी. काही चिंध्या सुटल्या. पण फार दिवस नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मोबाईल नुसता बोंबलतो हो, विचारत नाही." झोपेत त्याचा हात आपणहून जायचा आणि फोन गप्प करायचा. पहाटबाईला गप्प करणं कुणाच्या हातात नव्हतं. डेपोतली नोकरी संपली तरी तिच्या दोन्ही फेऱ्या चालूच राहिल्या. मी म्हणायची, "अगं, आता तरी पड जरा." ती म्हणायची, "पडले तर मला कोण उठवणार?"

दुपारी ती कधी आडवी व्हायची नाही. म्हणून परवाच्या थंडीत एका दुपारी तिची खोली शांत झाली, तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी गेले. ती खुर्चीत बसल्या बसल्या मान कलवून होती, मांडीवर निवडायला घेतलेली भाजी. मी दाराच्या चौकटीवर बोटाचं हाड वाजवलं. टक टक टक. म्हटलं, "आज वार कोणता गं?"

वार मीच सांगितला. तिच्या वतीनं.

त्यानंतर गल्लीतल्या चिंध्या सुटल्या. बांधून उपयोग काय? लोक मोबाईलला किल्ली द्यायला लागले, म्हणजे जे काय देतात ते. घड्याळजींनी एक गजराचं घड्याळ खरं बोलायला शिकवलं. ड्रायव्हरच्या बायकोनं पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला. वेळेवर सगळे उठत होते, पण उठल्यावर चेहरे असे की कुणी बाजारात धक्का मारून पुढे ढकललंय.

गल्लीच्या तोंडाशी बसचा थांबा आहे. वरचा पत्रा पहाटबाईनंच बसवून घेतलेला, बस कचेरीत खेटे घालघालून. थांब्याला नाव कधीच नव्हतं, नुसता आकडा. तेव्हा असं कानावर आलं की सगळ्या थांब्यांच्या पाट्या नव्यानं रंगवणार आहेत. माझ्या मनानं घेतलं, आमच्या पाटीवर "पहाटबाई" लिहायचं. पहिल्या बसचा कंडक्टर रोज पहाटे त्या नावानं ओरडेल. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना हाका मारल्या. एक हाक तिच्या नावाची नको का?

मी ड्रायव्हरला बरोबर घेतलं आणि बस कचेरीत गेले. तिथले साहेब सभ्य माणूस. बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, थांब्याला जागेचं नाव देतात. शाळा, बाजार, पूल. माणसाचं द्यायचं तर त्या माणसानं काही सार्वजनिक काम केलेलं असावं लागतं."

"साहेब, तिनं लोकांना उठवलं."

"ते छानच. पण ती नसती तर लोक उठले नसते का? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, आजी?"

"तुम्ही कधी झाकून बघितलंय का?" मी म्हटलं.

ड्रायव्हर माझ्या मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता. ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या साहेबांसमोर, आपल्याला उठवावं लागतं हे बिचारा कोणत्या तोंडानं सांगणार? साहेब हसले. म्हणाले, "तुमचं मन मोडत नाही. पाट्या रंगवायला जायच्या आहेत. त्याआधी मी एकदा स्वतः येऊन बघतो, तुमच्या गल्लीचं म्हणणं काय आहे ते ऐकतो. बरं पडेल म्हणून गुरुवारी सकाळीच येईन. पहिल्याच बसनं. पण आजी, खरं सांगू? मला नाही वाटत हे जमेल."

परतताना बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "काकू, सगळी गल्ली थांब्यावर उभी करू. साहेब गाडीतून उतरले की समोर माणसांची भिंत. बघू कसे नाही म्हणतात."

"तू तेवढा उठ म्हणजे झालं. गाडी तुझीच आहे."

"काकू!" त्यानं कानाला हात लावले.

झालं. गल्लीत निरोप गेला. आदल्या संध्याकाळी सगळे माझ्या दारात जमले. नर्सनं बोलायचं, घड्याळजींनी शनिवारची हकिगत सांगायची, शिपायानं फुलं आणायची, भट्टीवाल्यांनी साहेबांसाठी गरम पाव. मग माझ्या सूनबाईला एक सुचलं. चांगल्या मनाची पोर आहे, सुचतं ते चांगलंच, पण जरा घाईनं सुचतं. म्हणाली, "आई, आज सगळ्यांनी कडीला चिंधी बांधू या. तिच्या मानासाठी. साहेब गल्लीत आले की दारोदार दिसतील."

सगळ्यांचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत जेवढ्या चिंध्या बांधल्या गेल्या तेवढ्या तिच्या हयातीतही कधी एका वेळी बांधल्या गेल्या नव्हत्या. ज्यांनी कधीच बांधली नव्हती त्यांनीही बांधली. कुणी जुन्या सदऱ्याची, कुणी पोराच्या झबल्याची. आमच्या सूनबाईनं नव्या परकराची किनार फाडायला घेतली होती, मी हात धरला. घड्याळजींनी घड्याळ पुसायचं पिवळं फडकंच बांधलं. मी जुन्या चादरीचा तुकडा शोधून काढला आणि खालच्या कडीला गाठ मारली. गाठ मारताना बोटं आपसूक वळली, आणि अंगात कसलासा सैलपणा उतरला, ऊन पाणी पाठीवर ओतावं तसा.

आणि इथेच सगळं फसलं. इतक्या वर्षांत आमच्या अंगाला एकच गोष्ट ठाऊक होती. चिंधी बांधली की आपलं काम संपलं. आता कुणीतरी येणार, आपण निजावं. त्या संध्याकाळी एकानंही गजर लावला नाही. लावायचा राहिला असं कुणाला वाटलंही नाही. तांब्या उशाशी ठेवायचाही राहिला. कडीला चिंधी होती ना.

मला स्वप्न पडलं. गल्लीत धुकं होतं, आणि दारं हिरवी नव्हती, धुक्याच्याच रंगाची होती. पहाटबाई लांबून येत होती. वय तेच, लग्न होऊन आली तेव्हाचं. बगलेत झाडू, केस ओले. ती चालत होती पण पावलांचा आवाज येत नव्हता, आणि ती जिथून जाई तिथल्या कड्यांवरच्या चिंध्या वारा नसताना हलत होत्या. माझ्या दाराशी थांबली. टक टक टक. मी आतून म्हटलं, "जागी आहे गं. वार विचार."

तिनं वार विचारला नाही. दाराला गाल लावून म्हणाली, "झोप अजून थोडी. मी आहे."

आयुष्यभरात तिनं कुणाला "झोप" म्हटल्याचं मला आठवत नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्या शब्दावर डोकं टेकलं, आणि खोल खोल गेले. तिथे पाण्याखाली असतो तसा उजेड होता. कुठे घाई नव्हती.

मग टकटक झाली. पण ही बोटाच्या हाडाची नव्हती. कुणीतरी मूठ आपटत होतं. मी झोपेतच म्हटलं, "उठले, उठले. आज गुरुवार. काल वांग्याची भाजी होती, जरा खारट झाली, पण ते सुनेला सांगू नकोस."

"आजी," बाहेरून पुरुषाचा आवाज आला, "दार उघडा. मी बस कचेरीतून आलोय."

दार उघडलं. उजेड एवढा की डोळे मिटावे लागले. चांगलं उजाडून गेलं होतं. धुकं विरत आलं होतं. समोर साहेब उभे, कपाळावर घाम, बुटांवर रस्त्याची सगळी धूळ. त्यांच्यामागे गल्ली. एक खिडकी उघडी नाही, एक चूल पेटलेली नाही, एक पोर रडत नाही. फक्त रांगेनं हिरवी दारं, आणि प्रत्येक कडीला चिंधी.

गेलं, म्हटलं. पाटीही गेली आणि लाजही गेली. जिच्या नावानं मागायला गेलो होतो, तिच्याच नावानं सगळी गल्ली घोरत पडलीय.

"मी आमच्या थांब्यावर उभा राहून राहून थकलो," साहेब म्हणाले. "पहिली बस आलीच नाही. डेपोत फोन केला, तर कंडक्टर तिकिटं घेऊन उभा आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. चालत आलो. वाटेत पावाचं दुकान, पाव नाही. शाळेच्या फाटकाला कुलूप, पोरं बाहेर दप्तरावर बसलेली. दवाखान्यासमोर रात्रीची नर्स उभी, बदलीची आली नाही म्हणून तिला घरी जाता येईना. अर्धं शहर एका पायावर उभं आहे, आजी. झालंय काय?"

मी कडीवरची चिंधी हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, काही नाही झालं. आम्ही तिला सांगून निजलो होतो."

त्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी माझ्या हातातली चिंधी बघितली, मग शेजारच्या दारावरची, मग त्यापुढची. नजर गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच हळूहळू परत आली. रागावतील म्हणून मी खाली बघत होते.

"ड्रायव्हरचं घर कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. माझे गुडघे म्हणजे गंजलेली बिजागरी, पण त्या दिवशी मीही त्यांच्यामागून निघाले. साहेबांनी मूठ उगारली. मी म्हटलं, "अशी नाही. बोटाच्या हाडानं. शेजारी पाळणा आहे." त्यांनी मूठ उघडली, बोट वाकवलं. टक टक टक.

"उठलो, मावशी!" आतून खणखणीत आवाज.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्यावर जाऊ नका. काहीतरी विचारा."

साहेबांनी जरा विचार केला आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "उठलात? मग सांगा बघू, माझी बस कुठाय?"

आतून ड्रायव्हरचा आवाज, बायकोला सांगत असलेला, "अगं, आज मावशीनं स्वप्नात साहेबांना पाठवलंय." मग भांडं पडल्याचा आवाज. मग "अरे देवा!" आणि दार उघडलं तेव्हा ड्रायव्हर एका पायात पॅन्ट घालून उभा होता आणि दुसरा पाय शोधत होता.

"साहेब... साहेब, मला वाटलं, ती येऊन गेली. माझ्याशी बोलली हो."

"काय बोलली?"

"म्हणाली, झोप अजून थोडी."

मलाही तेच म्हणाली होती. पुढे प्रत्येक दाराशी तेच ऐकू आलं. नर्सही तेच म्हणाली, शिपाईही तेच. एकानं सांगितलं की दुसऱ्यालाही तसंच पडल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. गल्लीला मी काही आजपासून ओळखत नाही. पण नर्सला उठवलं तेव्हा ड्रायव्हर तिथे नव्हता, डेपोकडे धावत सुटला होता. माझं मन तेवढं धरून बसलंय. असू दे.

साहेबांनी गल्लीच्या टोकापर्यंत दारं वाजवली. मी मागून सांगत गेले, इथे वार विचारा, इथे काही विचारू नका, इथे लांबून खोका. तिसऱ्या-चौथ्या दारापासून त्यांचा हात हलका झाला. घड्याळजींच्या दाराशी त्यांनी बोट लावायच्या आतच ओरडा आला, "गुरुवार! गुरुवार आहे!" साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. पाणी हसून आलं होतं का कशानं, विचारलं नाही.

माणसं एकेक करून बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या घड्या, कुणाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला. साहेबांना बघून जो तो खजील. नर्स म्हणाली, "साहेब, आम्ही भाषणं तयार केली होती."

"राहू द्या," साहेब म्हणाले. "तुमचं कोंबडं झाकलं, आणि माझं तांबडं फुटायचं राहिलं. आणखी काय ऐकायचंय मला?"

ड्रायव्हरनं आणलेली पहिली बस थांब्यावर आली तेव्हा ऊन पत्र्यावर चढलं होतं. त्यानं खिडकीतून मान काढली, रडवेला चेहरा. "साहेब, उशिराचं कारण विचारतील. काय सांगू?"

"मी सांगेन," साहेब म्हणाले. "उठवणारी बाई वारली म्हणून." ते पायरीवर चढले, मग वळून मला म्हणाले, "आजी, आमच्या भागात कुणी अशी आहे का हो? आमची सौभाग्यवती उठवते, पण ती प्रश्न विचारत नाही. थेट निकाल देते."

पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं. पहाटबाई थांबा. वाचायला मला वेळ लागतो, पण तेवढं मी एका दमात वाचते.

आता गल्लीत एक फेरी अशी कुणाचीच नाही. तेवढा जीव कुणात आहे? ज्याला उठवलं त्यानं पुढचं एक दार उठवायचं, एवढंच ठरलंय. माझ्या वाट्याला ड्रायव्हरचं दार. गुडघे तेवढं सोसतात. त्याला वार विचारून उपयोग नाही, तो आता झोपेतही बरोबर वार सांगायला शिकलाय. म्हणून मी त्याला विचारते, "माझी बस कुठाय?" आतून धडपड ऐकू आली की मी परत येऊन पडते.

मग वाट बघायची. धुक्यातून बस येते, आधी दोन पिवळे ठिपके, मग आवाज. दार उघडतं आणि कंडक्टर जोरात हाक मारतो, "पहाटबाईऽऽ!" गल्लीतल्या खिडक्यांत एकेक दिवा लागतो. मी डोळे मिटून पडलेली असते. भिंतीपलीकडच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे, तरी त्या हाकेनंतर मी जरा थांबते. तिला ओ द्यायला वेळ मिळावा म्हणून.